ट्रॉमा म्हणजे आधी नुसती जखम

हल्ली ट्रॉमा म्हटलं की लहानपण, ब्रेकअप, थेरपी असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं, पण मूळ ग्रीकमधला 'त्राउमा' म्हणजे सरळसरळ जखम, अंगावरची. जखमी करणं या अर्थाचं 'तित्रोस्को' क्रियापद आहे, त्याच घरातला हा शब्द. गंमत म्हणजे होमर या ग्रीक कवीच्या इलियड या युद्धकाव्यात इतकी माणसं भाले खाऊन पडतात तरी तिथे हा शब्द सापडत नाही, होमर जखमेला 'हेल्कोस' म्हणतो (आपला अल्सर त्याचाच लॅटिनकडचा भाऊबंद).

पुढे हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर जे ग्रंथ आहेत त्यातला एक फक्त डोक्याच्या जखमांवर आहे आणि नावातच हा शब्द, आयोनियन बोलीत 'त्रोमा'. त्यातला एक उपाय मला फार आवडतो. कवटीला चीर गेलीय की नाही ते कळत नसेल तर हाडावर काळं पातळ औषध लावायचं, वर कापड ठेवून बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी सोडून हाड खरवडायचं, बाकीचं हाड पांढरं निघतं पण चीर असली तर तिच्यात काळं मुरलेलं असतं. एक्सरे कुठे होते तेव्हा!

बरं, शरीराबाहेरचा अर्थ काही आजचा नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इ.स.पू. 490 च्या मॅरेथॉनच्या लढाईतल्या इराण्यांच्या पराभवाला 'त्रोमा'च म्हटलंय. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात मात्र परत खरीखुरी जखम, वाटेत लुटारूंनी मारलेल्या माणसाच्या जखमांवर चांगला शोमरोनी (गुड समॅरिटन) तेल आणि द्राक्षारस ओततो ती.

मनाकडे हा शब्द वळला तो रेल्वेमुळे. अपघातातून वाचलेले लोक, वर जखम फारशी नाही, पण झोप नाही, थरथर सुटलेली, आणि नुकसानभरपाईच्या केसेस चालू. लंडनचे सर्जन एरिक्सन यांनी 1866 मध्ये यावर पुस्तक लिहिलं, त्यांचा रोख मज्जारज्जूला बसलेल्या धक्क्यावर होता. मग 1889 मध्ये जर्मन डॉक्टर ओपेनहाइम अशा आजाराला 'ट्रॉमॅटिक न्यूरोसिस' म्हणाले, मनोविश्लेषणवाला फ्रॉइड वगैरे मंडळी त्यानंतरची. पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) अधिकृत निदान म्हणून मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत आलं थेट 1980 मध्ये.

मराठीत आपण मनाच्या ट्रॉमाला 'आघात' म्हणतो, म्हणजे बसलेला फटका, ग्रीक शब्द त्या फटक्यानंतर उरलेल्या जखमेचा. आणि हायवेवरच्या ट्रॉमा सेंटरच्या पाटीवर मात्र जुनाच अर्थ आहे, तिथे हाडं मोडलेलेच येतात.