जाहिरात दिसते, म्हणजे निर्मात्याला पैसे मिळतात?
यूट्यूबवरील व्हिडिओआधी जाहिरात लागली की तो करणाऱ्याला पैसे मिळतातच, हा समज चुकीचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये बदललेल्या अटींनुसार, भागीदारी कार्यक्रमात (जाहिरात उत्पन्नाचा वाटा निर्मात्याला देणारी यूट्यूबची योजना) नसलेल्या चॅनेलवरही यूट्यूब स्वतःहून जाहिराती लावू शकते आणि त्यातला एक रुपयाही निर्मात्याला देत नाही. वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत प्रेक्षकांनी व्हिडिओ पाहिलेले ४,००० तास (शॉर्ट्ससाठी निकष वेगळा) भरावे लागतात. मग अर्ज मंजूर झाल्यावर लांबीने मोठ्या व्हिडिओंवरील निव्वळ जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा हाती येतो. म्हणून दोनशे सबस्क्रायबरांच्या चॅनेलवर गावातले दशावतारी प्रयोग हौसेने चढवणाऱ्याला ‘जाहिरातींवर कमावतोस’ असे सुनावणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. व्हिडिओत स्वतः केलेली प्रायोजकाची भलामण मात्र सर्वस्वी निर्मात्याचा निर्णय असतो, आणि ती सशुल्क असल्याचे प्रेक्षकाला स्पष्ट सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे.