बर्नआउट आणि दुय्यम आघात: युद्धात मदत करणाऱ्यांचे दोन वेगळे त्रास

सोलापुरात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करणारी मुलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट ऐकतच मोठी झालेली असतात. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेला हा सोलापूरकर ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच अपस्माराने गेला. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकापाशी गेलं की आजही ऊर भरून येतो. पण शेवटपर्यंत झिजणं हीच चांगल्या कामाची खूण मानली, की मदत करणाऱ्याला नेमकं काय होतंय हे विचारायचं राहून जातं. “दमलीस, चार दिवस गावी जाऊन ये,” म्हटलं की विषय संपला. युद्धग्रस्तांसोबत काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे महागात पडतं, कारण त्या दमण्यामागे दोन अगदी वेगळे त्रास असू शकतात.

बर्नआउट येतो कामाच्या व्यवस्थेतून. फायली भरमसाट, माणसं अपुरी, पगार रखडलेला, निर्णय मात्र वरच्यांच्या हातात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्याची मांडणी केली. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणते: अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही ही भावना. त्यासाठी काही भयंकर ऐकावं लागतं असंही नाही. रेशनकार्डाच्या अर्जांचा ढीगही माणसाला तिथवर नेतो.

दुय्यम आघात दुसऱ्याने भोगलेलं ऐकण्यातून येतो. समजा, २०२२ मध्ये ‘ऑपरेशन गंगा’ या सरकारी मोहिमेतून युक्रेनच्या युद्धातून परतलेल्या विद्यार्थ्यांशी बोलणारी एक समुपदेशक आहे. केसेस मोजक्या, वरिष्ठ समजूतदार. युक्रेनमधल्या खारकीव शहरात त्यांनी तळघरात काढलेल्या रात्री ती ऐकून घेते, नोंदी करते, घरी जाते. पुढे संक्रांतीला सोलापूरच्या होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू होतं आणि तिच्या छातीत धस्स होतं. कधी न पाहिलेलं ते तळघर डोळ्यांपुढून हलत नाही. मग ती त्या मुलांचे फोन घेणंच टाळते. बाहेरून पाहणारा म्हणेल, हा बर्नआउटमधला तुटकपणाच. फसगत होते ती इथे. बर्नआउट झालेल्याला समोरच्याचं फारसं काही वाटेनासं झालेलं असतं. हिला सोसवणार नाही इतकं वाटतं, म्हणून ती लांब पळते. कामाचा भाग म्हणून भीषण तपशील वारंवार कानांवर पडणं हेही आघाताचं कारण ठरू शकतं, हे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी पुस्तिकेने मान्य केलं आहे.

प्रत्यक्ष युद्धभूमीवर गुंता आणखी वाढतो. मदत घेणारा आणि देणारा एकाच बॉम्बवर्षावात सापडलेले असतात. गाझात ऑक्टोबर २०२३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या यूएनआरडब्ल्यूए या मदतसंस्थेचे दोनशेहून अधिक कर्मचारी मारले गेले. अशा ठिकाणी ऐकलेलं किती आणि भोगलेलं किती, हे वेगळं काढता येत नाही. अभ्यासक त्याला सामायिक आघात म्हणतात. ‘मी सोशल वर्कर आहे’ ही ओळख तिथे आधार देते. आज कुणाला भेटायचं, काय लिहायचं, एवढं तरी ठरलेलं असतं. पण तीच ओळख आडवीही येते, कारण मदतीच्या रांगेत स्वतः उभं राहणं त्या माणसाला जड जातं.

उपाय वेगळे आहेत, म्हणूनच फरक ओळखायचा. बर्नआउटला केसेस कमी करणं, रजा देणं, पगार वेळेवर करणं लागतं. ते काही न करता ‘मन खंबीर करा’ म्हणत कार्यशाळेला बसवणं मला अन्यायाचं वाटतं. उलट दुय्यम आघात झालेलीला नुसतंच गावी पाठवलं, तर ती दृश्यंही तिच्यासोबत एसटीत बसतात. तिला नियमित पर्यवेक्षण, म्हणजे जाणत्या वरिष्ठापाशी आपल्या केसेसबद्दल मोकळं बोलणं, हवं, आघाताच्या सगळ्या केसेस तिच्या एकटीच्या माथी नकोत, आणि झोप उडालेलीच राहिली तर रीतसर उपचार हवेत. घटनेनंतर एकदाच गोल करून बसवायचं आणि सगळं वदवून घ्यायचं, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. कर्मचाऱ्यांची काळजी ही संस्थेची जबाबदारी आहे, असं आपत्कालीन मनोसामाजिक मदतीची २००७ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात.

दोन्ही त्रास एकत्र दिसले, तर आधी कामाचा भार उतरवावा. टेबलावर फायली साचलेल्या असताना पर्यवेक्षकासमोर तासभर शांत बसून मनातलं बोलणं कुणालाच जमत नाही.