मॅरियन जोन्स तुरुंगात का गेली?

डोपिंगमध्ये खेळाडू सापडला की पदक जातं, बंदी येते. सिडनी ऑलिंपिकची पाच पदकं गमावलेली अमेरिकी धावपटू मॅरियन जोन्स २००८ मध्ये तुरुंगातही गेली. पण तिला झालेली सहा महिन्यांची शिक्षा स्टेरॉइड घेतल्याबद्दल नव्हती. केंद्राच्या तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल होती. (खोट्या चेकच्या एका वेगळ्या प्रकरणातलं खोटंही त्यात होतं.)

स्टेरॉइडचं प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत पोचायची सुरुवात १९८८ ची. सेऊलमध्ये बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत पळाला आणि स्टेरॉइड सापडल्यामुळे तीन दिवसांत त्याचं सुवर्ण काढून घेतलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने उपचाराशिवाय इतर कारणांसाठी स्टेरॉइड विकणं गुन्हा ठरवलं. १९९० च्या कायद्याने स्टेरॉइड नियंत्रित पदार्थांच्या तिसऱ्या अनुसूचीत घातली. तेव्हापासून हा व्यापार फेडरल गुन्हा, म्हणजे राज्याच्या नव्हे, केंद्राच्या कोर्टात चालणारा. जवळ बाळगणंही गुन्हाच, पण केंद्राच्या वकिलांचा रोख पहिल्यापासून विकणाऱ्यावर राहिला.

बाल्को प्रकरणात हे सगळं एकत्र आलं. बाल्को ही खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणारी कंपनी, आणि जोन्सचं खोटं याच तपासातलं. कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम गावातल्या व्हिक्टर कॉन्टेच्या या कंपनीमागे लागला तो आयकर खात्याचा तपासनीस, जेफ नोवित्स्की. कंपनीच्या कचऱ्यातून त्याने पुरावे वेचले. २००३ मध्ये ट्रेव्हर ग्रॅहम या प्रशिक्षकाने एक वापरलेली सिरिंज डोपिंगविरोधी संस्थेकडे पाठवली. लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत डॉन कॅटलिन यांच्या चमूने त्यातलं द्रव्य ओळखलं: टीएचजी, चाचणीत दिसूच नये म्हणून बनवलेलं स्टेरॉइड. कायद्याच्या यादीत तेव्हा त्याचं नावही नव्हतं. ते २००४ च्या दुरुस्तीने आलं. कॉन्टेने स्टेरॉइड वाटपाचा कट आणि मनी लाँडरिंगची कबुली दिली आणि चार महिने तुरुंगात काढले.

खेळाडूंना ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) अभय होतं, अट एकच: खरं बोला. बेसबॉलपटू बॅरी बॉन्ड्सवर खोट्या साक्षीचा खटला उभा राहिला तो त्यामुळेच. २०११ मध्ये ज्युरीने त्याला फक्त न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवलं आणि २०१५ मध्ये अपिलात तेही रद्द झालं. माझ्या मते, इतक्या वर्षांच्या खटल्यातून हाती एवढंच येणार असेल तर जुनी हत्यारं या कामाची नव्हती.

डोपिंग केलेल्या सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या बाबतीत तर आधार सरकारी पैशाचा घ्यावा लागला. त्याच्या संघाचा प्रायोजक अमेरिकी टपाल खातं होतं. २०१८ मध्ये त्याने ५० लाख डॉलर देऊन तो दिवाणी दावा मिटवला.

डिसेंबर २०२० मध्ये रॉडचेन्कोव्ह कायदा आला, रशियाचं डोपिंग उघड करणाऱ्या रॉडचेन्कोव्हच्या नावाचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत डोपिंगचा कट करणाऱ्याला आता १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, कट परदेशात शिजला तरी. पहिला आरोपी टेक्सासचा एरिक लिरा. टोकियो ऑलिंपिकआधी त्याने औषधं पुरवली होती आणि २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. खेळाडूंना मात्र या कायद्याने मुद्दाम वगळलं आहे. लिराकडून औषधं घेणारी नायजेरियाची धावपटू ब्लेसिंग ओकागबारे हिला शिक्षा झाली ती क्रीडा यंत्रणेकडून: ११ वर्षांची बंदी.