मुशीची वार

गेल्या महिन्यात मासळी बाजारात माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी हातभर लांबीची एक मुशी, म्हणजे लहान जातीचा शार्क, घेतली. कोळीण मावशींनी तिचे पोट चिरले, तेव्हा आतून बोटाएवढी सात-आठ पिल्ले बाहेर आली. “एवढे मासे गिळले होते होय हिने!” असे ते गृहस्थ उद्गारले. “गिळलेले नाहीत, पोरं आहेत तिची,” असे म्हणून मावशींनी एक पिल्लू उचलून दाखवले. त्याच्या छातीपासून ओल्या, केसाळ दोऱ्यासारखी नाळ लोंबत होती.

मासे अंडी घालतात हे शाळेत शिकल्यामुळे नाळ असलेला मासा आपल्याला पटत नाही. ही शंका जुनीच आहे. भूमध्य समुद्रातील एका जातीच्या मुशीची पिल्ले गर्भाशयाला नाळेने जोडलेली असतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. परंतु १८४०च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी पडताळून पाहीपर्यंत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. याच म्युलर यांनी आपले सहकारी याकोब हेन्ले यांच्यासह १८३८ मध्ये आपल्या किनाऱ्यावरील मुशीला ‘स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस’ हे शास्त्रीय नाव दिले.

गवंड्याच्या थापीसारखे चपटे तोंड असलेली ही मुशी उथळ, गढूळ पाण्यात राहते आणि लहान मासे, कोळंबी, माकूळ, प्रसंगी बोंबीलही खाते. पाऊण मीटरच्या पुढे ती सहसा वाढत नाही. प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी प्रात्यक्षिकाच्या ट्रेमध्ये तिच्या मेंदूपासून निघणाऱ्या चेता (मज्जातंतू) सोडवल्या आहेत. मीही त्यांपैकीच एक. पण तिच्या गर्भाशयात पाहण्यासारखे काही आहे, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही.

शार्कच्या बहुतेक जातींत अंडे मोठे असते आणि गर्भ त्यातील पिवळ्या बलकावर वाढतो. काही जातींत बलक संपत आला की त्याची रिकामी पिशवी गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते आणि तिचीच वार, म्हणजे गर्भाला आईकडून अन्न पुरवणारा अवयव, बनते. म्हणजे शिदोरी आधी आणि आईचे ताट नंतर. आपल्या मुशीने मात्र शिदोरी जवळजवळ सोडूनच दिली आहे. तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते आणि शार्कच्या ज्ञात अंड्यांत ते सर्वांत लहान आहे. त्यात बलक नावापुरताच असल्यामुळे गर्भ अवघा तीन मिलिमीटरचा असतानाच आईशी जोडला जाऊ लागतो. गर्भाशयाच्या भिंतीतून एक बारीक देठ निघतो, त्याच्या टोकाला रक्तवाहिन्यांनी भरलेला पेला तयार होतो आणि त्या पेल्यात गर्भाकडील वारेचा गोळा बसतो. दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या अगदी जवळ येतात आणि आईच्या रक्तातील अन्न व प्राणवायू गर्भाकडे जातो. एवढ्यावरही भागत नाही. नाळेच्या सबंध लांबीवर बारीक धाग्यांची झालर फुटते आणि हे धागे गर्भाशयातील पोषक स्राव शोषून घेतात. मावशींच्या हातातील नाळ केसाळ दिसत होती, ती यामुळे. मुंबईच्या समुद्रातील मुशीच्या या वाढीचे वर्णन एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी १९४८ मध्येच प्रसिद्ध केले होते.

ही वार आणि आपली वार यांचे नाते मात्र सख्खे नाही. मानवी गर्भात बलकपिशवी लवकरच निकामी होते आणि वार गर्भाच्या इतर आवरणांपासून बनते. मुशीने बलकपिशवीलाच नवे काम दिले. एकाच गरजेवर उत्क्रांतीने दोनदा, दोन स्वतंत्र वाटांनी काढलेला हा तोडगा आहे. नाळ गळून पडल्यावर नवजात पिल्लाच्या छातीवरील परांच्या मधोमध काही काळ तिचा व्रण दिसतो. ती त्याची बेंबीच म्हणायची.

मुशीचा सांगाडा हाडांऐवजी लवचीक कूर्चेचा असतो म्हणून तिच्या कुळाच्या नावावर एक निराळाच धंदा चालतो. ‘शार्कला कर्करोग होत नाही’ असे सांगून शार्कच्या कूर्चेची भुकटी विकली जाते. शार्कला कर्करोग होतो, त्याच्या नोंदी आहेत, आणि रुग्णांवरील चाचण्यांत या भुकटीचा उपयोग दिसून आलेला नाही. तेवढ्या पैशांत मोरीचे, म्हणजे मुशीचेच, मटण करून खावे, निदान जिभेला तरी गुण येईल.

पाच-सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची पिल्ले जन्मतात. एका वेतात ती साधारणपणे सहा ते अठरा असतात. वर्ष-दोन वर्षांत ती स्वतः प्रजननक्षम होतात आणि आयुष्यही थोड्याच वर्षांचे असते. मोठ्या शार्कच्या मानाने हा वेग पुष्कळ आहे. पण एका विणीला लाखो अंडी सोडणाऱ्या माशांशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. त्यातच मुशीला विणीचा ठरावीक हंगाम नाही, गाभण माद्या बाराही महिने सापडतात. म्हणून १ जूनपासूनच्या पावसाळी मासेमारी बंदीत तिला इतर माशांसारखी दोन महिन्यांची उसंत मिळते खरी, पण बंदी उठल्यावर जाळ्यात येणाऱ्या मुशींतही पोटुशा माद्या असतातच.