युरोपीय संघाच्या गुप्तवार्ता केंद्रात प्रतिनियुक्ती : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा मार्ग

ब्रुसेल्समधील ‘ईयू इंटसेन’ हे केंद्र युरोपीय संघाच्या 27 सदस्य देशांसाठी गुप्तवार्तेचे विश्लेषण करते. पूर्वी ‘सिटसेन’ म्हणून ओळखले जाणारे हे केंद्र 2011 मध्ये संघाच्या परराष्ट्र सेवेत सामील झाले आणि 2012 मध्ये त्याला ‘इंटसेन’ हे संक्षिप्त नाव मिळाले. केंद्राचे स्वतःचे हेर नाहीत. सदस्य देशांच्या यंत्रणा स्वेच्छेने पाठवतात ती माहिती, उपग्रह छायाचित्रे आणि उघड स्रोतांतील मजकूर यांची सांगड घालून येथे अहवाल तयार होतात. त्यामुळे संघाच्या अधिकाऱ्यांबरोबरच सदस्य देशांच्या सेवांमधून आलेले ‘प्रतिनियुक्त राष्ट्रीय तज्ज्ञ’ येथे काम करतात. पुढील माहिती या तज्ज्ञांच्या पदांपुरती आहे.

उमेदवार संघातील एखाद्या सदस्य देशाचा नागरिक असावा लागतो. संघात दीर्घकाळ वास्तव्य असणे हा नागरिकत्वाला पर्याय ठरत नाही. त्याला किमान तीन वर्षांचा संबंधित अनुभव हवा, आणि प्रतिनियुक्तीपूर्वी किमान बारा महिने तो आपल्या सध्याच्या नियोक्त्याकडे कामावर असला पाहिजे. संघाच्या एका अधिकृत भाषेवर प्रभुत्व आणि दुसरीचे समाधानकारक ज्ञान आवश्यक असते. विषयाचे ज्ञान व विश्लेषणात्मक लेखनाचा अनुभव यांच्या अटी पदागणिक बदलतात, म्हणून मूळ जाहिरात शब्दशः वाचावी.

अनेकांची चूक होते ती अर्ज पाठवण्याच्या मार्गात. या पदांसाठी उमेदवाराने थेट अर्ज करायचा नसतो. आपल्या देशाच्या ब्रुसेल्समधील स्थायी प्रतिनिधी कार्यालयामार्फतच तो पुढे जातो. साहजिकच नियोक्त्याची संमती आधी मिळवावी लागते, आणि जाहिरातीतील अंतिम तारीख ही अर्ज परराष्ट्र सेवेकडे पोहोचण्याची असल्याने देशांतर्गत टप्प्यांसाठी लागणारे दिवस त्यातून वजा करूनच हिशेब मांडावा.

अर्जासोबत ‘युरोपास’ या संघाच्या प्रमाणित नमुन्यातील परिचयपत्र आणि प्रेरणापत्र जोडावे. प्रेरणापत्रात गोपनीय कामाचा तपशील देण्याचा मोह टाळलेला बरा. गोपनीयता न मोडता आपले काम समजावून सांगता येणे हीदेखील या पेशातील एक कसोटीच आहे.

सर्वांत वेळखाऊ कागद म्हणजे सुरक्षा मंजुरी. ती ब्रुसेल्स देत नाही. उमेदवाराच्या देशातील राष्ट्रीय सुरक्षा प्राधिकरण त्याची पार्श्वभूमी तपासून देते. संघाच्या गोपनीय माहितीच्या चार श्रेणी आहेत. त्यांपैकी सर्वोच्च ‘टॉप सीक्रेट’ श्रेणीची मंजुरी जास्तीत जास्त पाच वर्षे, तर ‘सीक्रेट’ व ‘कॉन्फिडेन्शियल’ या श्रेणींची दहा वर्षे वैध राहते. हातातील मंजुरी प्रतिनियुक्तीच्या मध्यावर संपणार असेल, तर नूतनीकरणाची विनंती लवकर करावी.

निवडक उमेदवारांची मुलाखत होते आणि निवड झाल्यावर दोन्ही बाजूंच्या पत्रव्यवहाराने प्रतिनियुक्ती पक्की होते. पहिली मुदत सहा महिने ते दोन वर्षे असते आणि ती साधारणतः एकूण चार वर्षांपर्यंत वाढवता येते. या काळात वेतन व सामाजिक सुरक्षा मूळ नियोक्त्याकडेच राहते. संघाकडून निर्वाह भत्ता मिळतो, मात्र पद ‘विनाखर्च’ म्हणून जाहीर झाले असेल तर तोही नाही. पगार मायदेशातून येत असला तरी तज्ज्ञाने तेथील आदेश स्वीकारायचे नसतात. केवळ संघाच्या हितासाठी काम करण्याचे बंधन त्याच्यावर असते, आणि गोपनीयतेचे बंधन तर प्रतिनियुक्ती संपल्यावरही कायम राहते.