मार्चअखेर मापलेलं दार

रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० सालचा. समोर समुद्राचा खारा वारा, वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. अशा हवेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या कचेऱ्या, शाळा, वाचनालयं कोकणात गावोगावी आहेत. त्यांचं दर्शनी दार खिळखिळं झालं की नवं करायचं ठरतं आणि चर्चा लगेच ‘साग की फणस’ यावर येते. खरं तर आधी विचारायला हवं, लाकडात पाणी किती आहे?

लाकूड कापून शंभर वर्षं झाली तरी हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं. हवेची आर्द्रता ६० टक्के असेल तर लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या साधारण ११ टक्के पाणी असतं. जुलैच्या ९० टक्क्यांच्या हवेत ते हळूहळू २० टक्क्यांकडे सरकतं. हे पाणी पेशींच्या भिंतींत शिरतं आणि भिंती फुगतात. तंतूंच्या लांबीत फरक जवळपास नसतोच, रुंदीत असतो. म्हणून दार चौकटीला बाजूने घासतं. सागात पाणी १ टक्का वाढलं की रुंदी साधारण ०.१ ते ०.२ टक्के वाढते. म्हणजे सलग फळ्यांचं मीटरभर रुंद दार ७ टक्के ओलावा प्यायलं, तर ७ ते १४ मिलिमीटर फुगणार.

जुन्या सुतारांनी यावर पॅनेलचं दार शोधलं. त्यात रुंदी वाढवतात त्या फक्त कडेच्या दोन उभ्या पट्ट्या; प्रत्येकी १० सेंटिमीटर धरल्या तर वाढ जेमतेम ३ मिलिमीटर. मधलं पॅनेल खाचेत सैल असतं, आतल्या आत सरकतं. ‘जरा भक्कम करू’ म्हणून त्याला कुणी खिळे ठोकले की ते उभं चिरतं.

दार अडलं म्हणून ऑगस्टमध्ये रंधा मारायचा, हाही असाच उद्योग. डिसेंबरात तिथे फट दिसते. सरकारी कामात उलटं घडतं: निधी संपवायचा म्हणून दार मार्चअखेर, कोरड्या दिवसांत, चौकटीला चपखल बसवतात आणि जुलैत ते खांदा लावून उघडावं लागतं. सुताराने ओलावामापक लावून १२ ते १४ टक्क्यांचं लाकूड घ्यावं आणि पावसाळ्याची फट आधीच सोडावी.

पण सगळं दार बदलायची गरज तरी असते का? कुजतो तो बहुधा खालचा वीतभर भाग. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथे उंबरठ्यालगत येतात आणि लाकडातल्या बारीक उघड्या नळ्यांतून पाणी वर चढतं. तेवढा तुकडा कापून त्याच जातीचं लाकूड सांधता येतं. जुन्या वास्तूंच्या जतनासाठीची १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदही सांगते, की नवा भाग मूळ वास्तूशी जुळावा, पण वेगळा ओळखू यावा. जोडाची टोकं मात्र दार टांगण्याआधीच तेल-रंगाने बंद करायची. नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.

उरले स्क्रू. समुद्री मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत हवेतलं पाणी ओढून विरघळतं, त्यामुळे कोकणात लोखंड पावसाचा थेंब न लागताही ओलं राहतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, भोवतीचं लाकूड फाकवतो, काळं करतो. पितळी किंवा ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू घेतले तर एकूण खर्चात फारसा फरक पडत नाही. निविदेत नुसतं ‘स्क्रू’ लिहिलं, की लोखंडीच येतात.