वेन्सडेतला वोडन

वेन्सडेचं स्पेलिंग ‘वेड-नेस-डे’ असं घोकूनच आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या डोक्यात बसतं. उच्चारात गडप झालेला तो ‘ड’ वोडनचा. इंग्लंडमध्ये वसलेल्या जर्मन टोळ्यांचा, म्हणजे अँग्लो-सॅक्सनांचा, हा देव म्हणजेच स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांचा ओडिन.

ग्रहांच्या नावांचे सात वार जर्मन टोळ्यांनी रोमनांकडून घेतले, पण देव आपले बसवले. युद्धदेव मार्सच्या जागी टीव आला आणि ट्यूसडे झाला. मर्क्युरीच्या जागी वोडन, कारण मृतांशी दोघांचाही संबंध. वज्रधारी ज्युपिटरच्या जागी गडगडाटाचा थुनॉर, म्हणजे थॉर. व्हीनसचा वार फ्रिग देवीला मिळाला. सॅटर्नला जोडीदार सापडला नसावा. तो तसाच राहिला.

हेच ग्रह याच क्रमाने आपल्याकडेही आले. मध्य प्रदेशात एरण इथल्या इ.स. ४८४ च्या स्तंभलेखात ‘सुरगुरुदिवस’ कोरलेला आहे, म्हणजे आपला गुरुवार. भारतात वारासह मिळालेल्या सर्वांत जुन्या तारखांपैकी ही एक.

इ.स. ५९७ मध्ये धर्मप्रचारक ऑगस्टीन ख्रिस्ती धर्म घेऊन इंग्लंडमधल्या केंटला पोचला. मग जुन्या देवांची नावं टिकली कशी? छुप्या भक्तीमुळे, असं म्हणायला आवडतं खरं. पण माझ्या मते ती टिकली कारण चर्चने ती मनावर घेतली नाहीत. बीड हा तर मठात वाढलेला ख्रिस्ती भिक्षू. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्लंडच्या इतिहासात अनेक राजघराण्यांचं मूळ वोडनपाशी आहे, असं तो बिनदिक्कत लिहितो. बाप्तिस्मा घेतलेल्या राजांनाही हा पूर्वज सोडवत नव्हता. पूजा थांबली, वंशावळ राहिली.

जिथे चर्चने मनावर घेतलं, तिथे नावं गेलीही. आइसलँडमध्ये होलारचा बिशप योन ओगमुंडसन याने जुने वार हद्दपार केले, असं परंपरा सांगते. आज तिथे मंगळवार ‘तिसरा दिवस’ आणि गुरुवार ‘पाचवा दिवस’ आहे. ओडिनच्या वाराला नुसतंच ‘आठवड्याचा मध्य’ म्हणतात. पोर्तुगीजांनीही सोमवार ते शुक्रवार आकड्यांवर नेले. गंमत म्हणजे त्यांनी साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या गोव्यात कोकणी ख्रिस्ती माणूस आजही गुरुवारला ‘बिरेस्तार’ म्हणतो. हा आपला बृहस्पतीच.

गावांच्या नावांना तर कुणी हातच लावला नाही. बर्मिंगहॅमजवळचं वेन्सबरी वोडनचं, एसेक्समधलं थंडर्स्ली थुनॉरचं, फॅरो बेटांची राजधानी टोर्सहाव्न थॉरची.

थॉरला पुढे एक नवीन नावही मिळालं. १८२९ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने एका मूलद्रव्याला थोरियम म्हटलं. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत आहे ते हेच, आणि भाभांच्या अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा त्याच्याच भरवशावर आखलेला आहे.